सेन्सर बदलण्यापूर्वी

१९९७ ते २००३ या वर्षांच्या मॉडेलांची फोर्ड एफ-१५० पिकअप अमेरिकेत आजही रोजच्या कामाला जुंपलेली दिसते. व्ही-८ इंजिनाच्या या गाडीखाली वाकून पाहिलं, तर एक्झॉस्टच्या पाइपांत चार ऑक्सिजन सेन्सर बसवलेले असतात. दोन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, दोन नंतर. चेक इंजिनचा दिवा लागला की बहुतेकांचा पहिला संशय यांच्यावरच जातो, आणि बिचाऱ्या सेन्सरवर तो बऱ्याचदा अन्याय असतो.

बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाडीतून बाजारात आला. आत झिर्कोनियाची छोटी टोपी. टोपीच्या बाहेरून गरम धूर वाहतो, आतल्या बाजूला मोकळी हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत, तेवढं व्होल्टेज. धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरलाच नाही तर ०.९ व्होल्टच्या आसपास, भरपूर उरला तर ०.१. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण राखण्यासाठी इंजिनाचा कॉम्प्युटर याच आकड्याकडे पाहून पेट्रोल कमी-जास्त करतो. टोपी तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून तिच्या पोटात हीटर असतो. पुष्कळदा आधी जळतो तो हीटरच.

दिवा लागला की कॉम्प्युटर बिघाडाचा कोड नोंदवतो, तो नीट वाचायला हवा. पी०१३५ म्हणजे हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. इथेही आधी फ्यूज आणि वायर तपासावी. पी०१७१ आणि पी०१७४ जोडीने आले तर मात्र इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय, एवढंच सेन्सर सांगत असतात. दोन सेन्सर एकाच दिवशी खोटं बोलू लागतील, हे अवघडच. या एफ-१५० मध्ये इंजिनामागे पीसीव्हीच्या, म्हणजे क्रँककेसमधले वायू परत इंजिनात नेणाऱ्या नळीचा एक रबरी कोपरा असतो. तो चिरला की तिथून हवा आत शिरते. स्वस्तातला तो रबरी तुकडा सोडून लोक महागडे सेन्सर बदलत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सेन्सर खरोखर मेला असेल, तर आधी बाजू ओळखावी. बँक १ म्हणजे पहिला सिलिंडर असलेली बाजू. चालकाच्या जागेवरून पाहता फोर्डच्या व्ही-८ मध्ये ती उजवीकडे, शेवरलेच्या व्ही-८ मध्ये डावीकडे. इथे चुकलं की चांगला सेन्सर निघतो आणि दिवा तसाच राहतो.

थंडीत रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत गंज इतका चढतो की आटे पाइपला वितळून चिकटल्यासारखे होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. इंजिन थोडं कोमट असताना वायरसाठी खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट लावावा आणि धक्के न देता सावकाश जोर लावावा. आटे गेले तर नवे पाडावे लागतात. नवा सेन्सर बसवताना आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे अडकू नयेत म्हणून लावायचं वंगण, लावावं, टोकाला मात्र त्याचा स्पर्शही नको. ज्यावर ते आधीच लावून येतं, त्यावर पुन्हा लावू नये.

अनेक सेन्सरमध्ये टोपीच्या आतली हवा वायरच्या धाग्यांमधून येते. म्हणून जोडावर डाग देऊ नये आणि कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नये. मूळ कनेक्टरसकट मिळणारा सेन्सरच घ्यावा. आणि तोही हवेची गळती, फ्यूज आणि वायर पाहून झाल्यावरच.