जुना ट्रक आणि तळणाचे तेल

२००८च्या जुलैत मी अमेरिकेतील आयोवा राज्यात संशोधनासाठी राहात होतो. त्या महिन्यात तेथे डिझेलचा सरासरी भाव गॅलनला ४.७६ डॉलरपर्यंत चढला. गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, तेव्हा लिटरला सुमारे सव्वा डॉलर झाला. आमच्या प्रयोगशाळेत उपकरणे दुरुस्त करणारा एक तंत्रज्ञ होता. पन्नाशी उलटलेली, गावाबाहेर थोडी शेती, आणि रोजची लांबची ये-जा. त्याच्या जुन्या पेट्रोल ट्रकने नुकताच राम म्हटला होता. त्याने साठवलेल्या आठ हजार डॉलरांत एक वापरलेला डिझेल पिकअप घ्यायचा आणि हॉटेलांतून तळणाचे उरलेले तेल आणून, त्याचे घरीच बायोडिझेल करून त्यावर तो चालवायचा, असा बेत केला होता. वर्तमानपत्रातल्या तीन जाहिराती माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "तू रसायनशास्त्राचा माणूस. यातला कोणता घेऊ?"

इंजिनातले मला तेव्हा फारसे कळत नव्हते. पण हा प्रश्न निम्मा रसायनशास्त्राचाच आहे, हे विचार करू लागल्यावर ध्यानात आले.

आधी इंधनाकडे पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यात दाबली जाते, ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि अशा हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटते. मग गोडे तेल का चालू नये? चालते. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, आणि खुद्द रुडॉल्फ डिझेलने १९१२ साली त्याची आठवण नोंदवली आहे. पण चालणे वेगळे आणि वर्षानुवर्षे टिकणे वेगळे. ४० अंश सेल्सिअसला डिझेलची श्यानता २ ते ४.५ सेंटिस्टोक असते, तर वनस्पती तेलांची ३० ते ४०. एवढ्या दाट तेलाचा फवारा नीट फुटत नाही. थेंब मोठे राहतात, ते पुरते जळत नाहीत, आणि नोझलच्या तोंडाशी व पिस्टनच्या रिंगांत कोळशासारखे चिकट किटण बसते.

श्यानता म्हणजे काय, हे वर्गात सहज दाखवता येईल. दहा मिलिलिटरची, सुई आणि दट्ट्या काढलेली पिचकारी उभी धरा. तोंडाला बोट लावून तीत शेंगदाण्याचे तेल भरा, बोट काढा आणि ते रिकामे व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग तेच तेल गरम पाण्यात भांडे ठेवून साठ अंशांपर्यंत तापवा आणि पुन्हा मोजा. शेवटी पाणी घेऊन मोजा. आकडे विद्यार्थ्यांनीच फळ्यावर लिहावेत. काही लोक गाडीत दुसरी टाकी बसवून तेल तापवून वापरतात, त्यामागचे तत्त्व एवढेच आहे.

दुसरा मार्ग तेलाचा रेणूच लहान करण्याचा. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. कॉस्टिक सोड्यासारख्या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात मिथेनॉल घातले की साखळ्या ग्लिसरीनला सोडून मिथेनॉलला चिकटतात. एका मोठ्या रेणूचे तीन लहान रेणू होतात, जड ग्लिसरीन तळाशी बसते, आणि वर राहते ते मेदाम्लांचे मिथिल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल. त्याची श्यानता ४ ते ५ सेंटिस्टोकपर्यंत उतरते. शुद्ध ट्रायओलीन धरून हिशेब केला, तर १०० किलो तेलाला सुमारे १०.९ किलो मिथेनॉल लागते आणि १००.५ किलो बायोडिझेल व १०.४ किलो ग्लिसरीन मिळते. बारावीच्या विद्यार्थ्यांनी रेणुभार मांडून हे ताडून पाहावे. लिटरच्या भाषेत एक लिटर तेलाला सव्वाशे मिलिलिटर मिथेनॉल पुरायला हवे. प्रत्यक्षात दोनशे घालतात, कारण ही अभिक्रिया उलटसुलट दोन्ही दिशांनी चालते आणि ती पुढे ढकलायला एक घटक जास्तीचा लागतो. (मिथेनॉल विषारी आहे, त्याची वाफ चटकन पेट घेते आणि ज्योत दिवसा नीट दिसतही नाही. हा प्रयोग शाळेत करू नये.)

तळणाच्या तेलात एक जास्तीची अडचण असते. पाणी आणि उष्णता यांमुळे काही साखळ्या आधीच सुटून मुक्त मेदाम्ले झालेली असतात. ती कॉस्टिकशी संयोग पावून साबण करतात आणि उत्प्रेरक खाऊन टाकतात. म्हणून आधी अनुमापन करावे लागते. एक ग्रॅम कॉस्टिक सोडा एक लिटर पाण्यात विरघळवतात. एक मिलिलिटर तेल दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालून, फिनॉल्फथॅलिनचा थेंब टाकून, गुलाबी रंग टिकेपर्यंत हे द्रावण सोडतात. जितके मिलिलिटर लागतील तितके ग्रॅम कॉस्टिक दर लिटर तेलामागे नेहमीच्या साडेतीन ग्रॅमांत वाढवायचे. शाळेतले अनुमापन पुढे कुठे उपयोगी पडते, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर सांगावे. माझ्या मित्राने महाविद्यालयाचे तोंड पाहिले नव्हते, पण ते तो एका संध्याकाळी शिकला.

आता ट्रक. पहिला १९८०च्या दशकातला, स्वस्त, पण खालून गंजलेला. दुसरा १९९६चा. तिसरा २००३चा, खूप धावलेला आणि म्हणूनच त्याच्या आवाक्यात आलेला.

पहिल्या ट्रकच्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये न जाता शेजारच्या छोट्या कक्षात फवारले जात असे. तेथे हवा भोवऱ्यासारखी फिरते, त्यामुळे फवारा जरा जाडाभरडा असला तरी खपून जातो. नोझल सव्वाशे-दीडशे बार दाबाला उघडते. इंधनाच्या बाबतीत हे इंजिन सर्वांत सोशिक. पण त्याचा पंप फिरत्या जातीचा होता. या पंपाचे आतले भाग इंधनानेच वंगण पावतात. येथे बायोडिझेलची एक चांगली बाजू दिसते. डिझेलमधून गंधक काढताना त्याची वंगणशक्तीही कमी होते आणि नुसते एक-दोन टक्के बायोडिझेल मिसळले तरी ती भरून निघते. मात्र त्याच बायोडिझेलात पाणी वा साबण राहिला असेल, तर तोच पंप आधी बळी पडतो.

दुसऱ्या ट्रकमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन होते. (पुण्याच्या वाचकांना हे नाव कोथरूडमुळे परिचयाचे आहे.) डॉज कंपनीच्या पिकअपमध्ये ते १९८९पासून बसू लागले, आणि १९९४ ते १९९८च्या गाड्यांत त्याला बॉशचा एका रांगेत सहा दट्ट्ये असलेला पंप होता. फवारा थेट सिलिंडरमध्ये, दाब हजार बारच्या आसपास, पण सारा कारभार यांत्रिक. पंपाच्या खालच्या भागाला इंजिन ऑईलचे वंगण मिळते; तेथे इंधनावर अवलंबून राहावे लागत नाही.

तिसरा कॉमन रेल पद्धतीचा. एका जाड नळीत १,६०० बारच्या घरात दाबलेले इंधन सतत तयार असते आणि संगणकाच्या हुकमाने प्रत्येक इंजेक्टर क्षणभर उघडतो. आवाज कमी, धूर कमी, ताकद जास्त. पण इंजेक्टरमधील सरकत्या भागांतली फट अवघ्या काही मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. कारखान्यात तयार केलेले, प्रमाणित बायोडिझेल अशा इंजिनाला मर्यादित प्रमाणात मिसळून चालते. परसात पिंपात ढवळलेल्या इंधनावर मात्र ते सोपवू नये, असे माझे मत तेव्हा झाले आणि आजही तेच आहे.

तेव्हा निवड दुसऱ्याची झाली. पण इंजिनाची जात चांगली म्हणजे ते विशिष्ट इंजिन चांगले, असे नव्हे. आम्ही गाडी पाहायला जाण्यापूर्वी विक्रेत्याला ती सुरू करू नकोस म्हणून बजावले होते आणि गेल्यागेल्या बॉनेटखाली हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करून घेतली. झिजलेले डिझेल इंजिन गरम असताना झटकन सुरू होते. थंड असताना मात्र दाबलेली हवा रिंगांवरून निसटते, पुरेशी तापत नाही, आणि सायलेन्सरमधून न जळलेल्या इंधनाचा पांढरा धूर येतो. मग इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचे झाकण उघडून पाहिले. तेथून भकाभका वाफ येत असेल तर रिंगा गेल्या समजावे. आणखी एक गोष्ट त्या प्रदेशाची. हिवाळ्यात तेथे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्याने चासी आतून पोखरली जाते. पहिल्या ट्रकची चासी स्क्रू-ड्रायव्हरने टोचली तर पापुद्रे निघाले. इंजिन कितीही सोशिक असो, ते धरून ठेवणारे लोखंडच राहिले नसेल तर काय उपयोग?

ट्रक घेतल्यावर दोन गोष्टी घडल्या. एक अपेक्षित होती. बायोडिझेल चांगला विद्रावक आहे. जुन्या टाकीत वर्षानुवर्षे डिझेलचा जो गाळ धरलेला असतो, तो ते सोडवून पुढे पाठवते. पहिल्या हजार मैलांत दोनदा फिल्टर तुंबला. लोक येथे बायोडिझेलला दोष देतात. पण तो गाळ त्याने केलेला नसतो, फक्त हलवलेला असतो. दुसरी गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती आणि आली नाही. इंधन परत टाकीत नेणारी रबरी नळी जुनी होती. नायट्राइल आणि नैसर्गिक रबर मिथिल एस्टर शोषून फुगते व मऊ पडते. दोन महिन्यांत ती नळी पाझरू लागली आणि एके सकाळी गरम इंजिनाजवळ इंधनाचा थारोळा दिसला. आग लागली नाही, हे नशीब. फ्लोरिनयुक्त रबराची नळी बसवायला वीस-पंचवीस डॉलर लागले असते. ट्रकची सहा हजारांची घासाघीस आम्ही चार दिवस केली होती आणि ही नळी विसरलो होतो. तांबे-पितळेच्या जोडण्याही बदलाव्यात, कारण हे धातू बायोडिझेलच्या ऑक्सिडीकरणाला उत्प्रेरक ठरतात.

नोव्हेंबरात थंडीने गाठले. मेदाम्लांच्या जातीचा प्रश्न येथे येतो. मिथिल ओलिएट उणे वीस अंशांना गोठते; पण संपृक्त साखळीचे मिथिल पामिटेट तीस अंशांना आणि मिथिल स्टिअरेट एकोणचाळीस अंशांना. सोयाबीनच्या बायोडिझेलात शून्याच्या आसपास स्फटिकांचा ढग दिसू लागतो, आणि तळणाच्या तेलात प्राणिज चरबी मिसळली असेल तर त्याच्या बऱ्याच आधी. आयोवात पारा उणे वीसच्या खाली जातो. उलट, असंपृक्त साखळ्या वाढवल्या तर इंधन थंडीत वाहते, पण साठवणीत लवकर बिघडते; दोन द्विबंध असलेले लिनोलिएट ओलिएटपेक्षा सुमारे चाळीस पट वेगाने ऑक्सिजन घेते. दोन्ही गुण एकाच तेलात मिळत नाहीत. तो मग हिवाळ्यात साधे डिझेल आणि उन्हाळ्यात बायोडिझेल वापरू लागला.

कष्टांचा हिशेबही पाहावा. वर्षाला १५,००० मैल आणि गॅलनला १६ मैल धरले, तर ३,५५० लिटर डिझेल लागते. बायोडिझेलच्या रेणूत वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो. हा भाग जणू आधीच जळलेला. म्हणून लिटरमागे उष्णता सुमारे ८ टक्के कमी मिळते आणि वर्षभर त्यावरच चालवायचे तर ३,८०० लिटरांवर लागेल. म्हणजे दर आठवड्याला सुमारे पंचाहत्तर लिटर तेल आणणे, गाळणे, तापवणे, ढवळणे, धुणे, आणि खाली उरलेल्या ग्लिसरीनची विल्हेवाट. त्याच्या बायकोने गॅरेज परत मागितले ते याच काळात.

आज हा ट्रक शोधणाऱ्याला एक नवी अडचण आहे. २००७पासून अमेरिकेतील डिझेल पिकअपांना, आणि आपल्याकडे १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज-६च्या डिझेल गाड्यांना, काजळी अडवणारा फिल्टर आला. साठलेली काजळी जाळण्यासाठी अनेक इंजिने पिस्टन खाली जात असताना थोडे जादा इंधन सिलिंडरमध्ये सोडतात; त्याची वाफ पुढे जाऊन फिल्टर तापवते. डिझेल १८० ते ३६० अंशांच्या पट्ट्यात उकळते, त्यामुळे त्याचा बराच भाग सहज वाफ होतो. बायोडिझेल जवळजवळ सगळेच ३३०च्या पुढे उकळते. ते थेंबरूपाने सिलिंडरच्या भिंतीवर बसते, रिंगांवरून खाली ओघळते आणि इंजिन ऑईलमध्ये मिसळते. ऑईल पातळ होते, आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली पाहून मालक उलट खूश होतो! जुन्या यांत्रिक ट्रकमध्ये ही भानगडच नव्हती.

आपल्याकडे तळणाचे तेल गोळा करून बायोडिझेल करण्याची 'रुको' ही योजना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८मध्ये सुरू केली. तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तळणासाठी वापरता येत नाही. असे तेल कारखान्यात जाऊन डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळले जावे, यात इंजिनाला धोका नाही. भारतीय मानकानुसार डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालते. पण गावातला एखादा जुना पिकअप शंभर टक्के बायोडिझेलवर चालवायचे मनात असेल, तर आधी वाहनाच्या वर्षाकडे, मग पंपाच्या जातीकडे, आणि सही करण्यापूर्वी खाली वाकून रबरी नळ्यांकडे पाहावे.