फुलपाखराचे विष आणि माणसाचे मूत्रपिंड

दक्षिण अमेरिकेच्या जंगलात पारिडेस नावाच्या गटातली फुलपाखरे उडतात. काळेभोर मखमली पंख आणि त्यावर लाल, हिरवे डाग. यांच्या कुळातील अनेक फुलपाखरांच्या मागच्या पंखांना भिंगरी पक्ष्यासारखी शेपटी असते, म्हणून इंग्रजीत या कुळाला स्वॅलोटेल म्हणतात. संग्राहकांना या कुळाचे वेड जुने आहे. हेन्री बेट्स आणि आल्फ्रेड वॉलेस हे दोन इंग्रज तरुण १८४८ मध्ये अ‍ॅमेझॉनकडे निघाले, तेव्हा कीटक पकडून लंडनला विकायचे आणि त्यातून खर्च भागवायचा, असाच त्यांचा हिशेब होता. परतीच्या वाटेवर १८५२ मध्ये वॉलेसचे जहाज पेटले आणि बहुतेक संग्रह समुद्रात गेला. बेट्स मात्र तिथे ११ वर्षे राहिला. संग्रहाची ही हौस अजून सरलेली नाही. ब्राझीलमधील पारिडेस बर्चेलॅनस इतके दुर्मीळ झाले, की २०१९ मध्ये साइट्स करारानुसार त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली.

काचेच्या पेटीत टाचणीला टोचलेले हे सौंदर्य पाहणाऱ्याला एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. ही फुलपाखरे विषारी असतात. ते विष त्यांचे स्वतःचे नसते, अळीच्या वयात खाल्लेल्या पानांतून आलेले असते. ती पाने अ‍ॅरिस्टोलोकिया जातीच्या वेलींची. वेल कीड लागू नये म्हणून अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल तयार करते आणि या अळ्या ते पचवून अंगात साठवतात. अळीचा कोष होतो, कोषातून फुलपाखरू निघते, तरी विष अंगातच असते. एकदा चोच मारून तोंड कडू करून घेतलेला पक्षी तो लाल-काळा रंग पुन्हा विसरत नाही.

ब्राझीलची ही गोष्ट नायगावच्या शेतातही पाहायला मिळते. नांदेड-लातूरकडच्या काळ्या रानात, बांधाच्या कडेने जमिनीलगत पसरणारी एक वनस्पती आहे. तिला किडामार म्हणतात, कुठे गंधाणी. फूल गडद जांभळे, वास नकोसा. पान मूत्रपिंडाच्या आकाराचे असते. पुढे जे सांगायचे आहे ते पाहता हा योगायोग जरा अंगावर येणाराच. ही अ‍ॅरिस्टोलोकियाचीच एक जात. कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ ही आपल्याकडची शेपटीवाली फुलपाखरे अशाच वनस्पतींवर अंडी घालतात. दोघांचेही अंग लाल. शरीर इतके चिवट, की पक्ष्याने चोचीत धरून सोडले तरी बऱ्याचदा उडून जाते.

या विषाचा धाक इतका, की बिनविषारी शेजारीही त्यांचे सोंग घेतात. परसातल्या कढीपत्त्यावर वाढणारे कॉमन मॉरमॉन पूर्ण निरुपद्रवी, पण त्याच्या काही माद्या हुबेहूब रोझसारख्या दिसतात. नर मात्र आपल्याच रूपात राहतात. असे सोंग का टिकते, हे बेट्सने अ‍ॅमेझॉनमधील निरीक्षणांवरून १८६२ मध्ये मांडले. या माद्यांचे सोंग कोणता जनुक घडवतो, याचे उत्तर मिळायला पुढे दीडशे वर्षे लागली. कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले, की डबलसेक्स हा एकच जनुक या रूपबदलाचा मुख्य सूत्रधार आहे. 'एका रानवेड्याची शोधयात्रा' वाचलेल्या मराठी वाचकांना कुंटे परके नाहीत.

अळी जे पचवते, ते माणसाला पचत नाही. अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल शरीरात गेले की मूत्रपिंडाच्या पेशींमधील डीएनएला चिकटते आणि तिथे वर्षानुवर्षे राहते. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका वाळतात, त्यांच्या जागी तंतुमय ऊती वाढतात, पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग होऊ शकतो. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून अ‍ॅरिस्टोलोकिया मिसळली गेली. शंभरांहून अधिक रुग्णांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडली. कित्येकींवर डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली. त्यांपैकी ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे खबरदारी म्हणून काढून तपासली, तेव्हा १८ जणांत कर्करोग सापडला. बाल्कन देशांत डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या शेतकरी कुटुंबांत पिढ्यानपिढ्या मूत्रपिंडाचा एक गूढ आजार होत असे. गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणाऱ्या अ‍ॅरिस्टोलोकियाचे बी पिठात जाते, हे त्याचे कारण निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या वनस्पतींना माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले आहे.

किडामार हे नाव उगाच पडलेले नाही. जनावराच्या जखमेत किडे पडले की तिचा पाला लावण्याची जुनी रीत आहे. जंतांवर, तापावर ती पोटात घेण्याचीही रीत आहे, आणि खरी काळजी तिथे आहे. या आजारात दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. रुग्ण दवाखान्यात येतो तो थकवा आणि रक्तक्षयाची तक्रार घेऊन. क्रिएटिनिन तपासले की मूत्रपिंडांचे बरेच काम थांबलेले असते. 'गोळ्या कोणत्या घेता?' असे विचारले तर रुग्ण 'काहीच नाही' म्हणतो, आणि ते खरेच असते. पाला ही त्याच्या लेखी गोळी नव्हे. 'झाडपाल्याचे काय घेतले होते, किती दिवस?' असे वेगळे विचारावे लागते. नातेवाइकांनीही ते आपणहून सांगावे.

जंतांसाठी तर या वनस्पतीची गरजच उरलेली नाही. अल्बेंडाझोलची गोळी अंगणवाडीत आणि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना मोफत दिली जाते. मोठ्यांनाही ती डॉक्टरांच्या सल्ल्याने स्वस्तात मिळते. बांधावरची किडामार मात्र उपटून टाकायचे कारण नाही. पावसाळ्यात पानांमागे नीट पाहिले, तर लालसर-काळ्या, मांसल काटे असलेल्या अळ्या ती पाने खाताना दिसतील.