दोन गाड्यांमधली फट

सायंकाळी सहाच्या सुमारास पुण्यातील मार्केट यार्डाकडून स्वारगेटच्या दिशेने येणारा रस्ता पाहिला, तर त्यावर आखलेले पांढरे पट्टे केवळ शोभेसाठी असावेत असे वाटते. मोटारी, टेम्पो, रिक्षा आणि बसगाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, आणि त्यांच्यामधल्या हातभर फटींतून दुचाक्या पाण्यासारख्या झिरपत पुढे जातात. सिग्नल हिरवा होईपर्यंत झेब्रा पट्ट्यांच्याही पुढे पन्नास-साठ दुचाक्यांचा जमाव जमलेला असतो. बोलीभाषेत या कृतीला निरनिराळी नावे आहेत. उभ्या गाड्यांमधून सावकाश पुढे सरकणे म्हणजे ‘वाट काढणे’, तर धावत्या गाड्यांमधून वेगाने नागमोडी जाणे म्हणजे ‘कट मारणे’. भाषेने केलेला हा भेद फार महत्त्वाचा आहे. जगातील अनेक देशांचे कायदे याच भेदापाशी येऊन ठेपले आहेत, आणि आपल्याकडे मात्र तो बोलण्यापुरताच उरला आहे.

व्यापारी कुटुंबांचा या प्रश्नाशी संबंध जुना आहे. महाराष्ट्रातील पेठांच्या अरुंद गल्ल्यांतून माल पोहोचवणे, वसुलीला जाणे, बँकेत भरणा करणे ही कामे एके काळी सायकलवर चालत. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना बाजारात आली आणि दुकानातील माणसाच्या हाती इंजिन आले. ती कंपनी उभारणारे ह. कुं. फिरोदिया हे अहमदनगरच्या जैन कुटुंबातील. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याच्या त्या काळात परवडणारे, हलके, कुठेही शिरणारे हे वाहन गुमास्त्यापासून गृहिणीपर्यंत सर्वांना आपलेसे वाटले. ‘कुठेही शिरणारे’ हा त्याचा गुण होता. त्या वेळी रस्त्यावर मोटारी थोड्या होत्या, म्हणून शिरायला जागाही होती. आज जागा संपली आहे, शिरण्याची सवय तेवढी शिल्लक आहे.

प्रथम साधे गणित पाहावे. महामार्गावरील किंवा प्रशस्त रस्त्यावरील एका मार्गिकेची रुंदी साधारण साडेतीन मीटर धरली जाते. आरशांसह मोटारीची रुंदी दोन मीटरच्या आसपास भरते. दोन मोटारी आपापल्या मार्गिकेच्या मध्यातून चालल्या, तर त्यांच्यामध्ये सुमारे दीड मीटर जागा उरते. दुचाकीचे हॅण्डल पाऊण मीटर रुंद असते, म्हणजे दोन्ही बाजूंना वीतभरापेक्षा थोडी अधिक जागा मोकळी राहते. सात मीटरच्या रस्त्यावर दोनऐवजी तीन मोटारी शेजारीशेजारी उभ्या राहिल्या की ही सारी मोकळीक नाहीशी होते. आपल्या शहरांत बहुतेक वेळा हेच घडते. मग उरते ती अर्ध्या मीटरची फट, आणि तिच्यातून जाताना आरसे दुमडावे लागतात.

दुकानाच्या मालाने ही अडचण आणखी वाढते. स्वार नजरेने अंदाज घेतो तो हॅण्डलच्या रुंदीचा. मागच्या आसनावर आडवी बांधलेली खोकी किंवा दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या हॅण्डलहून रुंद असतात, हे त्याच्या ध्यानात असले तरी डोळ्यांना दिसत नाही. पुढचे चाक फटीतून निघते आणि मागची खोकी मोटारीच्या आरशाला अडकते. पायांशी पोते ठेवले असेल, तर दोन्ही पाय बाहेर काढलेले असतात. अशा वेळी तोल सावरायला पाय टेकावा, तर तो शेजारच्या चाकाजवळच टेकतो.

तरीही सर्वांत मोठा धोका अरुंद फटीत नाही. तो बसगाडी, मालमोटार, पाण्याचा टँकर आणि काँक्रीट मिसळणारी अवजड गाडी यांच्या डाव्या कुशीत आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे उंचावर बसतो. त्याच्या डाव्या दाराखालचा आणि त्यामागचा बराच भाग त्याला थेट दिसत नाही, आणि आरशातही तो अपुराच दिसतो. त्यात अशी लांब गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती कोपरा कापून अधिक आतून जातात. चौकात बसच्या डाव्या बाजूला मोकळी पट्टी दिसते म्हणून दुचाकीस्वार तेथे शिरतो, आणि बस वळू लागली की ती पट्टी मागून पुढे मिटत येते. एका बाजूला बस, दुसऱ्या बाजूला पदपथाची उंच कड. सुटायला वाट नसते. वाहन चालवण्याचा परवाना देताना ही एकच गोष्ट, प्रत्यक्ष बसच्या आसनावर बसवून, प्रत्येकाला दाखवता आली असती तर कित्येक घरांचे दुःख टळले असते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फटीतून जाण्याची प्रथा दीर्घकाळ कायद्याच्या मौनावर चालत आली. २०१६ साली तेथील विधिमंडळाने तिची व्याख्या केली आणि १ जानेवारी २०१७ पासून ती कायद्यात आली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य. त्याआधी बर्कले येथील विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अपघातांत सापडलेल्या सुमारे सहा हजार मोटारसायकलस्वारांची माहिती तपासली होती. त्यांपैकी जवळपास एक हजार जण अपघाताच्या क्षणी गाड्यांच्या मधून जात होते. या लोकांमध्ये डोक्याला इजा झालेल्यांचे प्रमाण ९ टक्के, तर इतरांमध्ये १७ टक्के होते. मृत्यूचे प्रमाणही निम्म्याहून कमी होते. हे आकडे वाचून घाईने निष्कर्ष काढू नये. फटीतून जाणारे हे लोक बहुधा कामाच्या वेळी, कमी वेगाने, चांगले हेल्मेट घालून जाणारे होते, आणि त्यांच्यात मद्यपान केलेलेही थोडे होते. शिवाय अपघात झाल्यावर इजा किती झाली हे या अभ्यासाने सांगितले, पण मुळात अपघात होण्याची शक्यता वाढते की घटते, याचे उत्तर त्यात नव्हते. एक गोष्ट मात्र त्यातून स्पष्ट झाली. वाहतुकीचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत असेल आणि स्वाराचा वेग तिच्यापेक्षा ताशी सुमारे २४ किलोमीटरहून अधिक नसेल, तोवर धोका मर्यादित राहतो. त्यापलीकडे तो झपाट्याने वाढतो.

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्सने १ जुलै २०१४ पासून दिलेली परवानगी याहून काटेकोर आहे. तेथे थांबलेल्या किंवा संथ वाहतुकीतूनच आणि ताशी ३० किलोमीटरच्या आतच पुढे जाता येते. शिकाऊ परवानाधारकाला ही मुभा नाही, आणि गाडी व पदपथाची कड यांच्यामधून जाण्यास स्पष्ट मनाई आहे. बसच्या डाव्या कुशीतील धोका त्यांनी ओळखला होता, हे यावरून दिसते. फ्रान्सने २०१६ पासून निवडक भागांत प्रयोग केले, मधे ते थांबवले, पुन्हा सुरू केले, आणि अखेर जानेवारी २०२५ मध्ये अटींसह परवानगी दिली. ब्राझीलमधील साओ पावलो शहराने आणखी एक पाऊल टाकले. २०२२ पासून तेथील एका मोठ्या रस्त्यावर दोन मार्गिकांच्या मधली जागाच निळ्या पट्ट्यांनी आखून मोटारसायकलींना देण्यात आली. मलेशियाने तर १९७० च्या दशकातच क्वालालंपूरच्या महामार्गालगत मोटारसायकलींसाठी वेगळी वाट बांधली होती.

हे नियम जसेच्या तसे उचलून आपल्या रस्त्यांवर आणता येणार नाहीत. कॅलिफोर्नियातील फट ही शिस्तीने मार्गिकेत चालणाऱ्या मोटारींच्या मधली फट आहे. ती सरळ असते आणि पुढे कुठवर जाते हे दिसते. आपल्या शहरातली फट क्षणाक्षणाला जागा बदलते. तिच्यात रिक्षा आडवी येते, हातगाडी येते, उलट दिशेने येणारा दुचाकीस्वारही येतो. मात्र वेगातील अंतराचा नियम येथेही तितकाच खरा आहे. गाड्या थांबलेल्या असताना स्वार ताशी १५ किलोमीटरने गेला, तर एका सेकंदात तो साधारण एका मोटारीची लांबी पार करतो. डोळा, मेंदू आणि ब्रेक यांना अवसर मिळतो. गाड्या १० च्या वेगाने सरकत असताना तोच स्वार ४० ने गेला, तर सेकंदाला दोन मोटारी मागे पडतात. पुढच्या मोटारीने किंचित बाजू बदलली, तर हात ब्रेकवर जाण्यापूर्वीच धडक होते. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना दोन्ही चाकांचा ब्रेक एकत्र लागण्याची आणि त्यावरील दुचाक्यांना चाक न अडकू देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. ती उपयुक्त आहे, पण हरवलेला सेकंद ती परत देत नाही. पावसाळ्यात तर रस्त्यावरील रंगाचे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे नेमकी या फटींच्याच वाटेत येतात, आणि ओली झाली की ती साबणासारखी निसरडी होतात.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे ७५ हजार दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजारांवर गेली. यांतील किती जण फटीतून जाताना गेले, हे या आकड्यांतून कळत नाही.

आपल्या मोटार वाहन कायद्यात फटीतून जाण्याला नाव नाही, म्हणून त्याला मोकळीकही नाही. आखलेल्या मार्गिकेत चालावे, ओलांडताना सर्वसाधारणपणे उजवीकडून ओलांडावे, असा नियम आहे. धोकादायक पद्धतीने वाहन चालवल्यास कलम १८४ लागू होते. व्यापारी घरांनी याहून अधिक लक्ष द्यावे असे कलम १९९-अ आहे. ते २०१९ च्या दुरुस्तीने आले. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास त्याचे पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कारावास, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही, अशी ही तरतूद आहे. ‘कोपऱ्यावरच्या दुकानात तर जायचे आहे’ म्हणून दहावीतल्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देणारे वडील आणि सतरा वर्षांच्या पोऱ्याला पार्सल घेऊन पाठवणारे शेठ, दोघेही या कलमाच्या कक्षेत येतात.

विम्याविषयीही एक गैरसमज दृढ आहे. पॉलिसीतील १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे मालक स्वतः वाहन चालवत असेल तेव्हाचे आहे. दुकानाच्या स्कूटरवरून जाणारा नोकर त्यात येत नाही. त्याच्यासाठी वेगळी तरतूद करावी लागते, आणि कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई देण्याचे मालकाचे दायित्व तर १९२३ पासून आपल्या कायद्याने मानलेले आहे. वर्षाचा हप्ता भरताना मुनीमजींनी एवढे एक पान वाचले तरी पुरे.

दुचाकीस्वाराला घाई न करण्याचा उपदेश करणे सोपे आहे. पण फटीतून जाण्याने वेळ खरोखर वाचतो, हे प्रांजळपणे मान्य करावे लागेल. रांगेत मागे राहिले की सिग्नलचा एक फेरा जातो, म्हणजे दीड-दोन मिनिटे. वाटेत चार सिग्नल असले की सहा-आठ मिनिटे. दिवसाला बारा ठिकाणी माल पोहोचवणाऱ्या माणसासाठी तो दीड तासाचा हिशेब होतो. आणि ही वेळ त्याने स्वतः ठरवलेली नसते. ‘अजून पोहोचला नाही का?’ हा गादीवरून गेलेला फोन तो हेल्मेटच्या आत मोबाइल कोंबून, त्याच फटीत घेतो. ज्या पेढ्यांनी डिलिव्हरीची वेळ ग्राहकाला सांगताना अर्धा तास वाढवून सांगण्याची आणि माणूस वाटेत असताना फोन न करण्याची पद्धत ठेवली आहे, तेथे स्वाराला धावत्या गाड्यांत घुसण्याचे कारणच राहत नाही. थांबलेल्या रांगेतून तो सावकाश पुढे जातो, आणि तेवढे त्याला पुरते.

घरच्यांचीही एक घाई असते. पुण्यात डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि तीच वेळ रस्ते तुंबण्याची असते. चौविहार पाळणारे गृहस्थ साडेपाचला दुकानातून निघून सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचण्यासाठी स्कूटर दामटतात. अनेक दुकानांत आता संध्याकाळचा डबा दुकानातच येतो, आणि जेवूनच निघायचे असा रिवाज पडला आहे. हिवाळ्यापुरता तरी तो सर्वांनी स्वीकारण्यासारखा आहे.

मोटारीत बसलेल्यांची बाजू अद्याप सांगायची राहिली. थांबलेल्या मोटारीचे दार अचानक उघडणे हा फटीतून येणाऱ्या स्वाराला सर्वांत अनपेक्षित असा आघात असतो. शाळेपाशी रस्त्याच्या मध्येच गाडी थांबते, मागचे डावे दार उघडते आणि मूल दप्तर घेऊन उतरते. त्या दाराच्या मागून कोण येत आहे, हे आई पाहत नाही आणि चालकही पाहत नाही. नेदरलँड्समध्ये दाराकडच्या हाताऐवजी दूरच्या हाताने दार उघडण्याची सवय सांगितली जाते, आणि ब्रिटनने २०२२ मध्ये ती आपल्या वाहतूक संहितेत घेतली. डाव्या दाराशी बसलेल्याने उजवा हात वापरला, की खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. चालकाने त्याच्या दारासाठी डावा हात वापरावा. लहान मुलांच्या बाजूच्या दाराला आतून न उघडणारे कुलूप बहुतेक मोटारींत असते. ते दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसेल अशा जागी असलेले छोटे बटण आहे.