कॅमेरा घेण्याआधी उजेड ओळखा

आज बोलूया फोटोबद्दल. फोटोचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कॅमेरा कोणता घेऊ?" आमच्या बचत गटातल्या आम्ही सहाजणी गोधड्या, पापड, लोणच्यांचे फोटो काढतो, घरचं बारसं-हळद टिपतो. आम्ही कुणी फोटोग्राफर नाही, सगळं हौसेनं शिकलो. आधी मोबाइलवर, मग सगळ्यांत मिळून घेतलेल्या एका जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट एवढीच, की पैसे घालण्याआधी उजेड समजून घ्यावा.

आमच्यासाठी हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. लांबचं गिऱ्हाईक गोधडी हातात घेऊन बघू शकत नाही, ते फोटोवर विश्वास ठेवतं. जांभळा रंग फोटोत निळा दिसला तर पार्सल परत येतं. दोन्ही वेळचा पाठवणीचा खर्च आपल्या माथी बसतो आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

रंग बदलतो का? पिवळ्या बल्बखालीसुद्धा पांढरी साडी आपल्याला पांढरीच दिसते, कारण आपलं डोकं रंग सावरून घेतं. कॅमेऱ्याला तसं जमत नाही, तो अंदाज बांधतो. या अंदाजाला व्हाइट बॅलन्स म्हणतात. बल्बचा उजेड पिवळसर असतो, सावलीतला निळसर. खिडकीचा उजेड आणि घरातला दिवा एकत्र झाले की कॅमेरा गोंधळतो. म्हणून आम्ही घरातले दिवे बंद करतो आणि वस्तू खिडकीशी किंवा ओसरीवर सावलीत ठेवतो. ऊन थेट येत असेल तर खिडकीला जुनं पांढरं धोतर लावतो, म्हणजे उजेड मऊ होतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की काळ्या सावल्या उजळतात.

उजेड कुठून येतो हेही बघा. गोधडीवर तो एका बाजूनं आला की धावदोऱ्याचा टाका न् टाका उठून दिसतो. समोरून फ्लॅश मारला की टाके सपाट होतात. पापडाचा पातळपणा दाखवायचा तर उजेड त्याच्या मागून येऊ द्या.

आता मोबाइल की कॅमेरा? दुकानात मेगापिक्सेलचे मोठे आकडे सांगतात. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. ६ बाय ४ इंचाची चांगली प्रत छापायला साधारण २२ लाख ठिपके लागतात आणि ए-४ कागदाएवढ्या प्रतीला सुमारे ८७ लाख. म्हणजे १२ मेगापिक्सेलचा मोबाइल दोन्हीला पुरतो. दिवसाउजेडी मालाचे फोटो काढायला वेगळा कॅमेरा लागत नाही.

कॅमेरा उपयोगी पडतो तो कमी उजेडात. उजेड टिपणारा भाग, म्हणजे सेन्सर, मोबाइलमध्ये करंगळीच्या नखाएवढाही नसतो. साध्या डीएसएलआरमध्ये तो साधारण २३ बाय १५ मिलिमीटरचा असतो. पाऊस गोळा करायला वाटीपेक्षा परात बरी, तसंच हे. संध्याकाळची हळद किंवा अंगणात पळणारं पोर टिपताना हा फरक कळतो. पैसे मोजके असतील तर कॅमेरा जुना चालेल, पण लेन्स चांगली घ्या. ५० मिलिमीटर, एफ १.८ ही लेन्स बरीच उघडते, भरपूर उजेड आत घेते आणि इतर लेन्सांच्या मानानं स्वस्त असते.

जुना कॅमेरा घेताना लेन्समधून बॅटरीचा झोत टाकून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, घेऊ नका. मग आपलं कार्ड घालून, एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचे चार फोटो काढा. प्रत्येकात त्याच जागी काळे ठिपके आले तर सेन्सरवर धूळ आहे.

बाकी सामान थोडकंच लागतं. एक जादा बॅटरी घ्या. एका मोठ्या कार्डाऐवजी दोन लहान कार्डं घ्या, एक बिघडलं तरी सगळे फोटो जात नाहीत. हलणाऱ्या स्वस्त तिपाईपेक्षा ज्वारी भरलेली कापडी पिशवी चांगली. तिच्यावर कॅमेरा टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, हात हलण्याचा प्रश्न मिटतो. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

फोटो सुधारायला मोबाइलवर स्नॅपसीड आणि संगणकावर गिम्प किंवा डार्कटेबल ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पहिल्या फोटोत वस्तूशेजारी पांढरा कागद ठेवा. पुढे स्नॅपसीडच्या व्हाइट बॅलन्समध्ये त्या कागदावर बोट ठेवून रंग जुळवता येतो. मोह होतो तो लोणचं आणखी लाल करण्याचा. आमचा नियम असा, की वस्तू हातात धरायची, फोटो तिच्यासारखा दिसला की थांबायचं.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो. छपाईसाठी पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि महत्त्वाच्या फोटोंच्या तीन प्रती ठेवा. एक मोबाइलमध्ये, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. लोणचं पुन्हा घालता येतं, गेलेल्या आजीचा फोटो पुन्हा काढता येत नाही.

होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या. त्यांच्या हातातल्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत. बटण दाबण्याआधी बघावंच लागे. आज शंभर फोटो फुकट निघतात, म्हणून बघणं सोडू नये.

या आठवड्यात एवढं करा. घरातली एकच रंगीत वस्तू घ्या. तिचा एक फोटो खिडकीशी काढा, एक भर उन्हात, एक ट्यूबलाइटखाली. तिन्ही शेजारी ठेवून बघा. कॅमेरा घ्यायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.