कुत्र्याचा काळा आजार: प्रतिपिंडं भरपूर, संरक्षण तोकडं

ब्राझीलच्या शहरांत नखं वाकडीतिकडी वाढलेला, डोळ्यांभोवतीचे केस झडलेला, बरगड्या मोजता येतील इतका वाळलेला कुत्रा दिसला की गल्लीतली माणसं रोगाचं नाव सांगून मोकळी होतात. ते नाव म्हणजे व्हिसरल लेशमॅनियासिस, म्हणजेच काळा आजार. लेशमॅनिया इन्फँटम हा एकपेशीय परजीवी तो घडवतो. कुत्र्यांनाही असा संसर्ग होतो हे चार्ल्स निकोल यांनी १९०८ मध्ये ट्युनिसमध्ये दाखवलं. रोग ओळखीचा झाला, तरी त्याबद्दलच्या काही समजुती अजून पक्क्या आहेत.

‘आजारी कुत्रा चावला, त्याने चाटलं की आपल्यालाही होतो.’ तसं होत नाही. परजीवी पसरवते ती वालुमाशी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. ती डासासारखी साचलेल्या पाण्यात वाढत नाही. पालापाचोळा, कोंबड्यांच्या खुराड्याची ओलसर माती ही तिची जागा. आईकडून पिल्लांना आणि दिलेल्या रक्तातूनही कुत्र्या-कुत्र्यांमध्ये संसर्ग होतो, पण मुख्य वाट माशीचीच.

‘रक्तात प्रतिपिंडं भरपूर, म्हणजे कुत्रा रोगाशी छान झुंजतोय.’ ही समजूत सर्वांत फसवी, कारण इतर अनेक रोगांत ती बरीचशी खरी असते. इथे चोर पोलिस चौकीतच मुक्कामाला असतो. जंतू गिळून मारणाऱ्या मॅक्रोफेज पेशीच्या पोटातच हा परजीवी राहतो आणि वाढतो. प्रतिपिंडं पेशीच्या आत शिरू शकत नाहीत. खरं काम टी-पेशींचं: त्यांनी इंटरफेरॉन-गॅमाचा इशारा दिला की मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड तयार करून आतल्या पाहुण्याला मारते. ज्या कुत्र्यांत हा इशारा दमदार असतो ती संसर्ग होऊनही धडधाकट राहू शकतात, आणि त्यांच्यात प्रतिपिंडं बहुधा कमीच असतात. ज्यांच्यात टी-पेशी थकतात त्यांच्यात प्रतिपिंडांचा पूर येतो. ती परजीवीच्या तुकड्यांना चिकटून रक्तात फिरतात आणि मूत्रपिंडांत, सांध्यांत, डोळ्यांत साचून तिथे दाह पेटवतात. या रोगाने दगावणाऱ्या कुत्र्यांत मूत्रपिंडं निकामी होणं हे मोठं कारण असतं. म्हणून चाचणीतला चढा आकडा पाहून मालकाने हुरळून जाऊ नये. पशुवैद्याची काळजी त्या आकड्याने वाढते.

आता मेंदू. ‘मेंदूभोवती पक्की तटबंदी असते, पोटातल्या रोगाचं तिथे काय काम?’ हा प्रश्न साओ पाउलो राज्यातल्या अरासातुबा इथल्या पशुवैद्यक संशोधकांनी बरीच वर्षं धसास लावला. तटबंदी सगळीकडे सारखी नसतेच. मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या कोरॉइड प्लेक्ससमधल्या केशवाहिन्या सच्छिद्र असतात. रोगी कुत्र्यांत नेमक्या तिथे आणि मेंदूतल्या पोकळ्यांच्या आसपास टी-पेशी गोळा झालेल्या दिसल्या. मेंदूतल्या मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट या पेशी चवताळलेल्या सापडल्या. आयएल-१ बीटा, टीएनएफ-अल्फा असे दाह वाढवणारे रेणू वाढलेले होते आणि मेंदूच्या पाण्यात लेशमॅनियाविरुद्धची प्रतिपिंडंही उतरली होती.

तरीही या मेंदूंमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी क्वचितच दिसतो. काही कुत्र्यांत फक्त त्याचा डीएनए हाती लागतो. म्हणजे ‘मेंदूला सूज आहे, तर परजीवींनी मेंदू पोखरला असणार’ हेही खरं नाही. प्लीहा-यकृतात पेटलेल्या लढाईचे रासायनिक निरोप रक्तातून मेंदूच्या दाराशी येतात आणि तिथले राखणदार, शत्रू जवळपास नसतानाही, हत्यारं उपसतात. मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब वेगळीच वाटते: झटके, मान कलणं, मागच्या पायांत जोर नसणं अशी लक्षणं अजिबात नसलेल्या कुत्र्यांच्या मेंदूतही हा दाह आढळला. कुत्रा नीट चालतो, म्हणून मेंदू सुरक्षित आहे असं धरता येत नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. अशा कुत्र्याला झटके आलेच, तर निकामी मूत्रपिंडांमुळे रक्तात साठलेली विषारी द्रव्यंही त्यामागे असू शकतात.

‘बाधित कुत्री मारली की साथ संपेल’ या विश्वासावर ब्राझीलने कित्येक दशकं कुत्री मारली. रोग गेला नाही. चाचणी आणि कारवाई यांत वेळ जायचा, आणि गेलेल्याच्या जागी घरात नवं पिल्लू यायचं, तेही संसर्गाला तितकंच सोपं सावज. २०१६ मध्ये तिथे कुत्र्यांसाठी मिल्टेफोसिनला परवानगी मिळाली. औषधाने कुत्रा सावरतो, पण परजीवी शरीरातून पुरता जाईलच असं नाही. म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. माशी दूर ठेवणारा डेल्टामेथ्रिनचा पट्टा कुत्र्यालाही वाचवतो आणि घरच्या माणसांनाही.

आपल्याकडे हे सगळं जसंच्या तसं लावू नये. बिहार, झारखंडमधला काळा आजार लेशमॅनिया डोनोव्हानीमुळे होतो आणि तिथे परजीवीचा साठा माणसांतच असतो. भटक्या कुत्र्यांवर त्याचं खापर फोडायला आधार नाही. पुण्या-नाशकातल्या कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं, वजन उतरलं, तर पशुवैद्य आधी गोचीड तापाचा विचार करतील. झटके आले तर डिस्टेंपर आणि रेबीजचाही. ते योग्यच. मात्र स्पेन, इटली किंवा ब्राझीलमधून कुत्रा घेऊन परतलेल्या कुटुंबांनी तो कुठे वाढला हे डॉक्टरांना आपणहून सांगावं, कारण संसर्गानंतर लक्षणं दिसायला कधी काही महिने लागतात, कधी काही वर्षं.