पंजासाठी फिरती मूठ

सायखेड्याच्या गोदाकाठी कांद्याच्या गोण्या उचलणाऱ्या, द्राक्षछाटणीत दिवसभर कात्री दाबणाऱ्या हातांना पकड शिकवावी लागत नाही. पण पंजा लढवताना नुसती मूठ आवळून भागत नाही. मनगट आत वळवून धरणे आणि तळहात खाली फिरवणे, यांवरच डाव ठरतो. साध्या डंबेलने हे नीट साधत नाही.

त्यासाठी वजनाला किंवा जिममधल्या केबलला अडकवायची सुटी मूठ मिळते. माझ्या मते साधारण 60 मिलिमीटर जाडीची, स्वतःभोवती फिरणारी मूठ सर्वांत उपयोगी. ती सारखी निसटू पाहते, त्यामुळे बोटांना आणि अंगठ्याला ढिलाई चालत नाही. मनगट मागे पडू लागले की वजन जास्त झाले असे समजा आणि तिथेच थांबा. स्नायूंपेक्षा कंडरा सावकाश बळकट होतात. कोपराची आतली बाजू दुखू लागली तर विश्रांती घ्याच.

2023 मध्ये दिल्लीत प्रो पंजा लीगचा पहिला हंगाम रंगला. पोरांना हा खेळ आवडतोय, याचा आनंदच आहे. मात्र लढताना छाती हाताच्या समोरच ठेवा. अंग उलट बाजूला वळले, की दंडाच्या हाडाला पीळ बसून ते मोडू शकते.