पोटातला फुगा आणि हृदयाची झडप

"डॉक्टर, आजोबांचं वय ऐंशी. दोन-दोन ऑपरेशनं कशी झेपायची?" सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आलेल्या एका नातवाचा हा प्रश्न. आजोबांनी आयुष्यभर बिड्या ओढलेल्या. जोतिबाच्या पायऱ्या चढून परत येताना धाप लागली, चक्कर आली, म्हणून ते दवाखान्यात आले होते. छातीला नळी लावली तर मानेपर्यंत जाणारा खरखरीत आवाज. पोट तपासले तर बेंबीच्या वर ठोके देणारी गाठ!

हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या तोंडाशी झडप असते. म्हातारपणी तिच्यात कॅल्शियम साचून ती ताठ होते, पुरती उघडत नाही. हीच महारोहिणी पुढे पोटात उतरते. तिथे तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर. भिंत कमजोर झाली की ती सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी एका जागी फुगते. पुरुषांमध्ये हा फुगा ५.५ सेंटिमीटरपर्यंत पोचला की सहसा ऑपरेशनचा सल्ला देतात. शास्त्रज्ञ आइन्स्टाइन १९५५ साली असाच फुगा फुटून गेले.

दोन्ही आजार एकत्र आले की खरा पेच पडतो. फुगा आधी दुरुस्त करावा, तर अरुंद झडपेच्या हृदयाला भूल आणि रक्तदाबातले चढउतार सोसत नाहीत. झडप आधी बदलावी, तर दुसऱ्या ऑपरेशनची वाट पाहताना फुगा फुटण्याची भीती.

१९९० साली अर्जेंटिनातील डॉ. पारोदी यांनी जांघेतील रोहिणीतून कापडी अस्तराची नळी सरकवून फुगा आतून बंद केला. २००२ साली फ्रान्समध्ये डॉ. क्रिबिए यांनी छाती न उघडता, जांघेतूनच नवी झडप बसवली. आता निवडक रुग्णांत ही दोन्ही कामे एकाच बैठकीत करतात. बहुधा आधी झडप, मग फुगा. भूल एकदाच, दवाखान्याची वारीही एकच.

पण हे सरसकट सर्वांना लागू नाही. दोन्ही कामांना लागणारे रंगद्रव्य एकाच दिवशी मूत्रपिंडांवर पडते. ती अधू असतील तर दोन टप्पेच बरे. जांघेतील रोहिणी पुरेशी रुंद हवी, हे सी.टी. स्कॅनवर कळते. झडपेचीच किंमत लाखांत जाते. तेव्हा शासकीय योजनेत काय बसते, याची चौकशी भरती होण्याआधीच करावी. नळी बसवल्यावरही पुढे नियमित तपासणी लागते, ही गोष्ट घरचे हमखास विसरतात.

आजोबांचे क्रिएटिनिन सुदैवाने ठीक निघाले. सी.टी. स्कॅनसाठी चिठ्ठी दिली आणि खिशातले बिडीचे बंडल मागून घेतले. तेवढे देताना मात्र त्यांनी फार कुरकुर केली.